व्याख्येचे दोन मार्क

"डिव्हाइस ड्रायव्हर म्हणजे काय?"

"हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांना जोडणारा दुवा, सर."

"व्हेरी गुड. नेक्स्ट."

तिसऱ्या वर्षाच्या व्हायवातला हा प्रश्न. एक्स्टर्नलनी मान वर न करता विचारला, मी श्वास न घेता उत्तर दिलं, आणि मार्क पडले. जर्नलवर सही झाली, सबमिशन संपलं, आणि मी दिवाळीला घरी जायची एसटी पकडली.

आमचं तालुक्याचं गाव. एसटी स्टँडसमोर बाबांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, उत्तरकार्याची कार्डं, तहसीलदारांना द्यायचे अर्ज, झेरॉक्स. मी पोचले त्या आठवड्यात दुकानातल्या जुन्या पीसीचा मदरबोर्ड गेला होता आणि बाबांनी नवा पीसी घेतला होता. विंडोज 10, 64 बिट. फायली आल्या, फॉन्ट आले, सगळं आलं. फक्त लेझर प्रिंटर चालेना. यंत्र ठणठणीत होतं. ड्रम नुकताच बदललेला. पॉवर दिली की रोलर फिरायचे, हिरवा दिवा लागायचा, आणि पुढे काहीच नाही.

"अगं, तू इंजिनिअर होणार ना? बघ जरा," बाबा म्हणाले.

मी बघितलं. म्हणजे केबल काढून परत लावली. दुसऱ्या पोर्टला लावली. पीसी तीनदा रीस्टार्ट केला. हेल्पलाइनला फोन केला, तर तिकडच्या मुलीने नवीन मॉडेलची किंमत सांगितली. दोन दिवसांनी मला एवढंच कळलं की कंपनीने त्या मॉडेलसाठी 32 बिटांचाच ड्रायव्हर काढला होता, आणि 64 बिटांच्या विंडोजला तो चालत नाही. तुळशीचं लग्न तोंडावर, पत्रिकांची कामं रांगेत. बाबांनी हप्त्यावर नवा प्रिंटर घेतला आणि जुना माळ्यावर टाकला. टाकताना म्हणाले, "आपल्याला कॉम्प्युटरमधलं कळत नाही ना, म्हणून असं होतं."

त्यांना कळत नव्हतं हे खरं. पण ज्या मुलीला ड्रायव्हरच्या व्याख्येचे पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते, तीसुद्धा शिडी धरून खाली उभी होती, आणि तिलाही कळत नव्हतं. माझं भांडण आहे ते त्या मार्कांशी.

'दुवा' या शब्दाने काय सांगितलं? काहीही नाही. पूलही दुवा, सुनेला सासरशी जोडणारी नणंदही दुवा. आता तोच प्रिंटर घ्या. तुमच्या फाइलमध्ये अक्षरं असतात. प्रिंटरला कळतात फक्त ठिपके: कागदावर इथे काळा, इथे पांढरा. महागड्या प्रिंटरमध्ये पानाचं वर्णन वाचून स्वतः ठिपके काढणारा मेंदू असतो. स्वस्त प्रिंटरमधून कंपनी तो मेंदू काढून टाकते आणि ते काम तुमच्या कॉम्प्युटरकडून करून घेते. हे काम करणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तो अख्खं पान ठिपक्यांत रंगवतो, त्या मॉडेलला समजेल अशा बांधणीत कोंबतो आणि केबलवरून ढकलतो. ही बांधणी बहुतेक कंपन्या कुठेही छापत नाहीत. म्हणजे हा दुवा नव्हे, दुभाष्या आहे. ती भाषा येणारा तो एकटाच, आणि पगार कंपनीचा. कंपनीने त्याला घरी बसवलं की तुमचा प्रिंटर मुका.

एवढं मला कुणी सांगितलं असतं, अगदी पाच मिनिटांत, तर मी केबल उलटसुलट करण्यात दोन दिवस घालवले नसते.

आता थोडं मागे जाऊ, पहिल्या वर्षाकडे. 2015 साल. लॅबमधल्या पीसीवर विंडोज होतं, पण आम्ही शिकत होतो टर्बो सीवर. बोरलँड कंपनीने ते 1987 मध्ये पहिल्यांदा बाजारात आणलं, माझ्या जन्माच्या दहा वर्षं आधी. नव्या विंडोजवर ते सरळ चालत नाही म्हणून डॉसबॉक्स नावाच्या डब्यात घालून चालवायचं. पहिला प्रोग्राम अर्थातच 'हॅलो वर्ल्ड'. हॅश इन्क्लूड 'स्टुडिओ डॉट एच', मग 'कॉनिओ डॉट एच', व्हॉइड मेन, क्लिअर स्क्रीन, प्रिंटएफ, गेटच्. (ते 'स्टुडिओ' नाही, 'स्टँडर्ड इनपुट आउटपुट' आहे, हे मला दुसऱ्या वर्षी एका मित्राकडून कळलं. आमच्या बॅचमधले काही जण अजूनही स्टुडिओच म्हणत असतील.) गेटच् कशाला? "स्क्रीन थांबण्यासाठी." व्हॉइड कशाला? "सर म्हणाले म्हणून." 1989 मध्ये सी भाषेचं प्रमाण ठरलं तेव्हापासून मेनने पूर्णांक परत द्यायचा असतो, हा भाग जर्नलपर्यंत पोचलाच नव्हता. सत्यनारायणाच्या पोथीसारखं ते सगळं पाठ व्हायचं, आणि प्रसाद म्हणून सही मिळायची.

'हॅलो वर्ल्ड' हा प्रोग्राम जगभर गेला तो कर्निगन आणि रिची यांच्या 1978 च्या सी भाषेवरच्या पुस्तकामुळे. त्या दोघांनी तिथेच बजावलंय की पहिला अडथळा म्हणजे प्रोग्राम लिहिणं, कम्पाइल करणं, चालवणं आणि आपलं आउटपुट नक्की कुठे गेलं ते शोधून काढणं. हे शेवटचं पुन्हा वाचा. आउटपुट कुठे गेलं ते शोधणं. आम्हाला त्यासाठी 'ऑल्ट एफ5 दाब' एवढंच सांगितलं जायचं.

आणि गंमत अशी की टर्बो सी जुनाट असलं तरी नेमक्या याच गोष्टीसाठी सोन्याची खाण होतं. जुन्या पीसीच्या टेक्स्ट स्क्रीनवर 80 रकाने आणि 25 ओळी. मिळून 2000 जागा. रंगीत स्क्रीन असेल तर मेमरीत हेक्स बी8000 या पत्त्यापासून त्या जागा एकामागून एक मांडलेल्या असतात, प्रत्येकीला दोन बाइट: पहिल्यात अक्षराचा क्रमांक, दुसऱ्यात रंग. प्रिंटएफ नको, स्टुडिओ नको. सीमध्ये एक पॉइंटर घ्यायचा, त्या पत्त्यावर रोखायचा आणि तिथे 65 लिहायचे. स्क्रीनच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात 'ए' उमटतो. शेजारच्या बाइटमध्ये 4 लिहिले की तो लाल होतो. झाला तुमचा पहिला ड्रायव्हर, पाच ओळींचा. विशिष्ट पत्त्यावर विशिष्ट आकडे लिहिले की यंत्र हलतं, आणि ते पत्ते नि आकडे ज्याला माहीत आहेत तो ड्रायव्हर. हे एकदा डोळ्यांनी बघितलेल्या मुलीला 'दुवा' पाठ करावा लागणार नाही. पॉइंटर हा धडा का आहे तेही तिला कळेल. (आम्हाला पॉइंटर म्हणजे 'दुसऱ्या व्हेरिएबलचा पत्ता ठेवणारा व्हेरिएबल'. दोन मार्क.)

मी हे डॉसबॉक्समध्ये करून बघितलं ते नोकरी लागल्यावर, एका रविवारी. लाल 'ए' बघून मी खोलीत एकटीच हसले. मग थोडा रागही आला. चार वर्षं आणि इतकी फी भरून मला हे युट्यूबवर सापडलं.

दुसरी गोष्ट मजकुराची. स्ट्रिंगच्या धड्यात ठरलेले प्रोग्राम असतात: लांबी मोजा, उलटं करा, पॅलिंड्रोम ओळखा. शब्दही ठरलेले, आणि सगळे इंग्रजी. ज्या वर्गात साठपैकी पन्नास मुलं घरी मराठी बोलतात त्या वर्गात चार वर्षांत एकदाही कुणी म्हणालं नाही, की 'नमस्ते' उलटं करून बघा.

करून बघा, फोनवर पायथन चालवणारं ॲप असेल तर आत्ता. 'नमस्ते' या शब्दाची लांबी किती? डोळ्यांना अक्षरं दिसतात तीन: न, म, स्ते. पायथन म्हणतो सहा, कारण युनिकोडच्या हिशेबात न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा या सहा वेगळ्या खुणा आहेत. सीमधलं लांबी मोजणारं फंक्शन युटीएफ-8 मधल्या याच शब्दाला अठरा म्हणेल, कारण यातली प्रत्येक खूण तीन बाइट खाते. तीन, सहा, अठरा, आणि तिन्ही उत्तरं बरोबर. आता उलटं करा: सुरुवातीला आधाराशिवाय लोंबणारी मात्रा येते, आणि 'स्त'चा 'त्स' होतो. इंग्रजी शब्दावर हा प्रोग्राम कधीच अडखळत नाही, म्हणून 'अक्षर म्हणजे एक बाइट' ही समजूत पक्की होते. मग अशीच समजूत पक्की झालेले इंजिनिअर नाव लिहायच्या रकान्याला बाइटांची मर्यादा घालतात आणि तुमच्या आजीचं नाव अर्ध्या वेलांटीत तुटतं. साधा एसएमएस इंग्रजीत 160 अक्षरांचा आणि मराठीत 70 खुणांचा, हाही त्याच हिशेबाचा भाग. 140 बाइट तेवढेच. रोमन अक्षराला सात बिट पुरतात, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला सोळा लागतात.

बाबांच्या दुकानात याचं जुनं रूप रोज दिसायचं. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षर असं काही साठवलेलंच नसायचं. कृतिदेव फॉन्ट लावून रोमन 'डी' दाबलं की पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलमध्ये 'डी'च असतो. फॉन्ट म्हणजे मुखवटा. फाइल दुसऱ्या पीसीवर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की पत्रिकेतले गणपतीपासून आहेरापर्यंत सगळे रोमन अक्षरांचा कचरा होऊन समोर येतात. बाबांकडे अशा वीस वर्षांच्या फायली आहेत. त्यात 'पाटील' शोधलं तर एकही पाटील सापडत नाही. आमच्या तालुक्यात!

चिन्ह वेगळं, क्रमांक वेगळा, पडद्यावरचा आकार वेगळा. तिथे कीबोर्डही आला. यूएसबी कीबोर्ड दाबलेल्या कळीचा फक्त क्रमांक पाठवतो. त्याला 'क'ही माहीत नाही आणि 'के'ही. इन्स्क्रिप्ट मांडणी लावली की 'के'च्या कळीवर 'क' येतो, कारण क्रमांकाचं अक्षर करणारा तक्ता आपण बदललेला असतो. मला हे भारी वाटतं. माझी भाषा त्या यंत्रात बसवायला यंत्र बदलावं लागत नाही, तक्ता बदलावा लागतो. आणि तक्ता माणसं लिहितात.

आता कुणी म्हणेल, कळलं, पण याचा उपयोग काय? तू काय करतेस नोकरीत? खरं सांगते, मी वेब ॲप बनवते. पगार मिळावा म्हणून आजवर एकही ड्रायव्हर लिहिलेला नाही. प्लेसमेंटच्या काळात आमच्या एका सीनियरने ऐकवलं होतं: "गाडी चालवायला इंजिन कळावं लागत नाही." वाक्य टाळ्यांचं आहे. पण आम्ही गाडी चालवायला शिकत नव्हतो. आमच्या पदवीवर 'अभियंता' लिहिलंय. गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडता 'इंजिन म्हणजे चाक आणि पेट्रोल यांच्यातला दुवा' असं सांगितलं, तर तुम्ही गाडी त्याच्याकडे ठेवाल?

आणि खाली काय चाललंय ते न कळण्याची किंमत फक्त आमच्या दुकानाने मोजलेली नाही. 19 जुलै 2024 आठवतो? जगभर निळे पडदे, विमानतळांवर रांगा, आपल्याकडे हाताने लिहिलेले बोर्डिंग पास. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे 85 लाख विंडोज मशीन पडली. क्राउडस्ट्राइक या कंपनीचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, ड्रायव्हर म्हणून बसतं. त्या दिवशी आलेल्या माहितीच्या फाइलमुळे त्याने एकविसावी किंमत वाचायला हात घातला, आणि त्याला पुरवलेल्या होत्या वीसच. ॲरेच्या बाहेर जाऊन वाचणं! पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये आम्ही प्रत्येकाने केलेली चूक. आमचा प्रोग्राम फार तर बंद पडायचा, कारण साध्या प्रोग्रामभोवती ऑपरेटिंग सिस्टिमने कुंपण घातलेलं असतं. कर्नलमधल्या ड्रायव्हरला कुंपण नाही. तो घसरला की अख्खं मशीन घेऊन पडतो. हे माहीत असलेली बातमीदारही त्या दिवशी मला फारशी दिसली नाहीत. 'सायबर हल्ला' म्हणून फॉरवर्ड मात्र संध्याकाळपर्यंत फिरत होते, त्यात माझ्या बॅचमेटांचेही.

तुमच्या हातातल्या फोनचंही हेच. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचं कर्नल आहे. त्या लिनक्सच्या 3 कोटींहून जास्त ओळींमधल्या निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरच्या आहेत, म्हणजे ज्याला आपण 'कडेचा दुवा' म्हणून दोन मार्कांत गुंडाळतो तोच तिथला मोठा भाग. फोनच्या चिपचे ड्रायव्हर मात्र बऱ्याचदा बंद डब्यात येतात, विशिष्ट कर्नलला बांधलेले. चिप बनवणाऱ्याने हात वर केले की फोन चांगला असूनही त्याचे अपडेट थांबतात. गूगलने 2017 मध्ये प्रोजेक्ट ट्रेबल आणून चिपचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग वेगळा केला तो या कटकटीवरचाच उपाय. नेदरलँड्समधल्या फेअरफोनने 2015 मध्ये विक्रीला आणलेल्या फोनला, चिपवाल्यांनी साथ सोडल्यावरही, 2023 पर्यंत अपडेट दिले. म्हणजे करता येतं. 'फोन जुना झाला' असं दुकानदार म्हणतो तेव्हा बहुधा स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा यांतलं काहीच मेलेलं नसतं. दुभाष्याची नोकरी गेलेली असते.

एआयचं काय, हा प्रश्न आता येणारच. कोड ते लिहितं, मग पोरांनी पॉइंटर कशाला शिकायचा? मी रोज वापरते, तक्रार नाही. पण 'प्रिंटर चालत नाही' असं विचारा, ते तुम्हाला नम्रपणे केबल तपासायला सांगेल. मी दिवाळीत केलं तेच. 'पानाचे ठिपके हा प्रिंटर स्वतः करतो की कॉम्प्युटर, आणि त्याची बांधणी कंपनीबाहेर कुणी उलगडली आहे का', असं विचारता आलं तरच कामाचं उत्तर मिळतं. तो प्रश्न सुचायला आत काय आहे याचं चित्र डोक्यात लागतं. ते चित्र आमच्याकडे नव्हतं, व्याख्या होती.

शिक्षकांवर सगळं ढकलणार नाही. आम्हाला सी शिकवणारे सर तासिका तत्त्वावर होते, दोन कॉलेजांत पळायचे, आणि बारा प्रॅक्टिकलची यादी वरून ठरलेली. बी8000 दाखवला असता तर तेरावं प्रॅक्टिकल कुठल्या रकान्यात लिहायचं, हा प्रश्न आला असता. पण यादी ठरवणारी माणसंही कधीतरी आमच्यासारखी विद्यार्थी होती ना? त्यांना कधीच उत्सुकता वाटली नाही?

1980 च्या सुमाराची एक गोष्ट संगणकाच्या दुनियेत सगळ्यांना माहीत आहे, आणि मला ती पदवी संपेपर्यंत माहीत नव्हती. एमआयटीच्या एआय लॅबमध्ये झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये रिचर्ड स्टॉलमनने बदल करून कागद अडकला की लोकांना संदेश जाईल अशी सोय केली होती. नव्याचा सोर्स कोड मिळेना. कार्नेगी मेलनमधल्या ज्याच्याकडे तो होता त्याने करारामुळे द्यायला नकार दिला. 1983 मध्ये स्टॉलमनने जीएनयू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा रागही होता. प्रिंटर चालत नाही या कारणावरून एक माणूस चळवळ उभी करतो आणि मी त्याच कारणावरून केबल उलटी करून बघते. फरक हुशारीचा असेलच, नाही म्हणत नाही. पण त्याला आतलं दिसत होतं, आणि मला 'दुवा' दिसत होता.

तीन वर्षांपूर्वी गणपतीला घरी गेले तेव्हा माळ्यावरून तो प्रिंटर खाली काढला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. त्या प्रकारच्या प्रिंटरांची भाषा काही स्वयंसेवकांनी केबलवरून जाणारे बाइट बघत बघत, कंपनीच्या मदतीशिवाय उलगडली आहे आणि त्यातून फुकट ड्रायव्हर लिहिला आहे. तो बसवायला पाऊण तास गेला. पहिलं पान कोरं आलं. दुसरं अर्धं आलं, बाकी अर्ध्यावर उभ्या रेघा. मी एक सेटिंग बदललं, आणि तिसऱ्या पानावर आरत्यांची पीडीएफ स्वच्छ छापून आली, जोडाक्षरांसकट.

बाबांनी पान उजेडात धरून बघितलं. "हे तेव्हापण होत होतं?"

"हो."

"मग तेव्हा का नाही केलंस?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं, बाबा."

"पण तू तर पास झाली होतीस." ते टोमणा मारत नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. मग त्यांनी प्रिंटरचं झाकण उघडलं, आतली धूळ फुंकली आणि विचारलं, याचा टोनर अजून मिळतो का कुठे.